विंडोजच्या वेशीबाहेर : खेळणाऱ्यांच्या लिनक्सचा इतिहास

आमच्या जळकोटात गेली वीस-पंचवीस वर्षे 'कॉम्प्युटर' आणि 'विंडोज' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. यंत्र बिघडले की माणूस म्हणतो, 'विंडोज उडाली.' दुकानदार म्हणतो, 'फॉरमॅट मारून नवी टाकून देतो.' विंडोज ही यंत्रापासून वेगळी, एका कंपनीने विकायला काढलेली वस्तू आहे आणि तिच्या जागी दुसरे काही बसवता येते, ही गोष्ट या बोलण्यात कुठेच येत नाही.

२०२५ मध्ये मात्र हा भेद लहान गावांतही समजू लागला. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ही विंडोज १० च्या देखभालीची शेवटची तारीख ठरवली. ती आता उलटून गेली आहे. वैयक्तिक वापरासाठी वर्षभराची मुदतवाढ दिली गेली, पण ती मुदतवाढच. पुढच्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. आमच्याकडच्या बहुतेक पोरांचे संगणक म्हणजे सोलापूर-पुण्याच्या कचेऱ्यांतून निघालेली जुनी यंत्रे. त्यांत एखादे वापरलेले ग्राफिक कार्ड बसवून ती खेळासाठी तयार केलेली असतात. ही यंत्रे ठणठणीत चालतात, पण नव्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे गेल्या वर्षभरात एक प्रश्न मला अनेकांनी विचारला, सर्वांत आधी माझ्या पुतण्याने : 'लिनक्स टाकले तर गेम चालतील का?'

मी निजामकाळातील कागदपत्रांवर काम करणारा माणूस. संगणक शिकलो तो गरजेपुरता आणि स्वतःच. पण या प्रश्नाचे 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येत नाही, त्याला इतिहास आहे, हे लक्षात आले तेव्हा रद्दीच्या दुकानांतून संगणक-मासिकांचे जुने अंक जमवू लागलो. त्यातून हाती आले ते येथे मांडतो.

विंडोज गावात कशी आली

विंडोज आपल्याकडे कुणी तुलना करून निवडली नाही. ती तीन वाटांनी आली.

पहिली वाट फुकटाची. जुळवणी केलेला संगणक घेतला की दुकानदार त्यात विंडोज 'टाकून' देई. तिची किंमत पावतीवर नसे, कारण ती प्रत परवान्याची नसे. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या पाहणीनुसार २०११ साली भारतात बसवलेल्या सॉफ्टवेअरपैकी ६३ टक्के विनापरवाना होते. कंपन्यांच्या संघटनेचा आकडा म्हणून तो थोडा सैल धरला तरी आपल्या आजूबाजूचे चित्र त्याहून वेगळे नव्हते. ज्या देशात विंडोज फुकट मिळते तिथे 'लिनक्स फुकट आहे' या वाक्याला काही किंमत उरत नाही. लिनक्सचा प्रसार करणाऱ्यांना ही अडचण फार उशिरा उमगली.

दुसरी वाट शिक्षणाची. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता लागू झाली तसे टायपिंगचे वर्ग बदलून त्या ठिकाणी एमएस-सीआयटीची केंद्रे उभी राहिली. खेड्यापाड्यातल्या मुलामुलींनी, गृहिणींनी, निवृत्तीला आलेल्या शिक्षकांनी पहिल्यांदा माऊस हातात धरला तो याच केंद्रांत. या अभ्यासक्रमाने महाराष्ट्राला संगणकाची भीती घालवायला शिकवले, हे त्याचे मोठे काम आहे. पण जो संगणक शिकवला तो विंडोजचा आणि जे लेखन शिकवले ते वर्डमधले. त्याच दशकात केरळने शालेय संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर नेले. गोव्यात परदेशातून आलेले जुने संगणक शाळांना देण्याचा जो उपक्रम झाला त्यातही लिनक्स वापरले गेले. महाराष्ट्राने वेगळी वाट धरली आणि एका पिढीच्या बोटांना विंडोजची सवय लागली.

तिसरी वाट खेळाची, आणि तरुणांपुरती हीच सर्वांत पक्की. नव्वदच्या दशकात डॉसवरचे 'डेव्ह' आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' होते. पुढे सायबर कॅफेत 'काउंटर-स्ट्राइक', 'व्हाइस सिटी', 'मोस्ट वॉन्टेड' आले. अर्ज भरायला कॅफेत गेलेला मुलगा अर्ज पाच मिनिटांत भरून उरलेला तास गाडी पळवण्यात घालवी. हे खेळ विंडोजसाठी लिहिलेले होते. सवय मोडता येते, परीक्षा एकदाच द्यायची असते. पण ज्या खेळात मित्र आहेत तो सोडून जाणे अवघड. लिनक्स बसवून आठ दिवसांत परत आलेल्या ज्या ज्या मुलांशी मी बोललो, त्यांतील जवळजवळ प्रत्येकाने कारण सांगितले ते खेळाचेच.

मासिकातून आलेली चकती

लिनक्सचा जन्म सर्वांना ठाऊक आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याआधी आठ वर्षे, सप्टेंबर १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते वाचण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क असावा, ही त्यांची भूमिका. १९९२ मध्ये टोरवाल्ड्सने आपले काम स्टॉलमन यांच्या परवान्याखाली आणले आणि दोन प्रवाह एक झाले.

भारतात हे पोहोचले कसे? विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून एवढी मोठी प्रणाली उतरवून घेणे शक्यच नव्हते. १९९६ साली 'पीसी क्वेस्ट' या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली. त्यामागे बंगळूरचे अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. पुढे दरवर्षी अशी चकती येऊ लागली आणि हजारो विद्यार्थ्यांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिले ते मासिकाच्या पाकिटातून. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट उभा राहिला. सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' हे संमेलन भरू लागले. २००४ मध्ये उबुंटू आले. त्यांच्याकडे मागणी नोंदवली की परदेशातून टपालाने सीडी घरपोच येई, टपालखर्चासुद्धा न घेता. ही सोय २०११ पर्यंत चालली. इंटरनेटचा वेग नसलेल्या तालुक्यांत लिनक्स पोचले ते अशा रीतीने पोस्टमनच्या पिशवीतून.

भाषेचे काम त्याच सुमारास झाले. २००० च्या आसपास 'इंडलिनक्स' हा भारतीय भाषांचा प्रकल्प सुरू झाला. पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयात मराठी भाषांतराचे काम चाले. 'लोहित' हे खुले टंक २००४ मध्ये आले. मराठी वळणाचे ल आणि श, 'दुसऱ्या'मधला अर्धा र, या आपल्या खास गरजांचा विचार या खुल्या कामात होत गेला. २००७ च्या जानेवारीत सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने 'बॉस' ही भारतीय भाषांसह चालणारी लिनक्सप्रणाली प्रसिद्ध केली.

म्हणजे २००७ पर्यंत लिनक्स होते, मराठी होती, सरकारी पाठबळही होते. तरी जळकोटच्या पोराने ते घेतले नाही, कारण त्यात त्याचा गेम चालत नव्हता. प्रसाराच्या भाषणांत या कारणाला जागा नसे. खेळ ही गंभीर गोष्ट मानायला कुणी तयार नव्हते.

त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यातील छोट्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचे हिरवे-पांढरे संगणक आले. त्यांत लिनक्सवर उभारलेली 'शुगर' नावाची, मुलांसाठी बनवलेली प्रणाली होती. या मुलांनी विंडोज कधी पाहिलीच नव्हती. त्यांच्यासाठी संगणक म्हणजे तो, आणि त्यातल्या चित्रांशी, सुरांशी, जोड्या लावण्याच्या खेळांशी खेळतच ती तो शिकली. योजना देशभर पसरली नाही. पण 'लिनक्स नवशिक्याला जमत नाही' या समजुतीला उत्तर म्हणून मला हा दाखला महत्त्वाचा वाटतो. अवघड असते ते आधी लागलेली सवय सोडणे. पहिल्यांदाच शिकणाऱ्याला दोन्ही सारखेच.

डूम : दाराची दोन्ही बाजू

खेळ विंडोजला बांधले गेले याला एक सुरुवात आहे. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आला. तो डॉसवर चाले आणि १९९४ मध्ये त्याची लिनक्स आवृत्तीही निघाली होती. म्हणजे सुरुवातीला लिनक्स खेळात फार मागे नव्हते. पण मायक्रोसॉफ्टला विंडोज ९५ हे खेळाचेही घर करायचे होते. त्यासाठी १९९५ मध्ये डायरेक्टएक्स आले : पडद्यावर चित्र काढणे, आवाज काढणे, कळफलकाकडून आज्ञा घेणे, यांसाठी खेळ लिहिणाऱ्यांना दिलेली एक तयार भाषा. ती सोयीची होती, पण चालत होती विंडोजवरच. 'डूम' विंडोज ९५ वर आणण्याचे काम मायक्रोसॉफ्टमधल्या ज्या गटाने केले त्याचे नेतृत्व गेब न्यूएल यांच्याकडे होते.

हे नाव लक्षात ठेवावे. १९९६ मध्ये न्यूएल मायक्रोसॉफ्ट सोडून बाहेर पडले आणि त्यांनी व्हॉल्व्ह ही कंपनी काढली. २००३ मध्ये व्हॉल्व्हने 'स्टीम' हे खेळांचे ऑनलाइन दुकान सुरू केले. २०१२ मध्ये विंडोज ८ आले, त्यात मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दुकान होते. आपले दुकान दुसऱ्याच्या वाड्यात आहे आणि मालक स्वतःच दुकान टाकतो आहे, हे न्यूएल यांनी ओळखले. विंडोज ८ ही या धंद्यासाठी आपत्ती आहे असे ते जाहीरपणे बोलले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. खेळ विंडोजमध्ये नेणाऱ्यानेच वीस वर्षांनी ते बाहेर काढण्याची खटपट केली. त्यामागे धंद्याची धास्ती होती, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे.

पहिला प्रयत्न फसला. लिनक्सवर चालणारी 'स्टीम मशीन्स' २०१५ च्या नोव्हेंबरात बाजारात आली आणि कुणी फारशी घेतली नाहीत. खेळ लिहिणाऱ्यांनी लिनक्ससाठी पुन्हा खेळ लिहावेत ही अपेक्षा चालणारी नव्हती. त्याआधी १९९८ मध्ये सुरू झालेली लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी हेच काम करता करता २००२ मध्ये बंद पडली होती.

हाली आणि कलदार

मग तोडगा काय निघाला? तो समजावून सांगायला मला आमच्या भागाचाच दाखला बरा वाटतो.

जळकोट सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गपासून आठ किलोमीटरवर आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा आणि सोलापूर इंग्रजांचे. मध्ये करोडगिरीचे नाके. आमच्याकडे चाले हाली शिक्का, तिकडे कलदार. सहा कलदारांना सात हाली हा ठरलेला दर. सोलापूरच्या पेठेत माल घ्यायला निघालेल्या माणसाला हाली रुपया घेऊन भागत नसे. पण त्यासाठी कुणी निजामाची टांकसाळ बदलली नाही की सोलापूरचे दुकान हलवले नाही. सराफ होता. तो बट्टा घेऊन नाणे बदलून देई आणि व्यवहार पुढे चाले.

'वाईन' हा असा सराफ आहे. १९९३ मध्ये सुरू झालेला हा मुक्त प्रकल्प विंडोजच्या कार्यक्रमाने केलेली मागणी लिनक्सला कळेल अशी बदलून देतो. पंधरा वर्षांच्या कामानंतर, जून २००८ मध्ये, त्याची १.० आवृत्ती निघाली. साधे कार्यक्रम त्यावर चालत. मोठे खेळ अडखळत, कारण डायरेक्टएक्सची चित्रभाषा बदलून देणे जिकिरीचे होते. २०१६ मध्ये 'व्हल्कन' ही खुली चित्रभाषा आली. त्यानंतर जर्मनीतल्या एका तरुण प्रोग्रामरने 'नीअर : ऑटोमाटा' हा आपला आवडता खेळ लिनक्सवर खेळता यावा म्हणून डायरेक्टएक्सच्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलणारा 'डीएक्सव्हीके' लिहायला घेतला. व्हॉल्व्हने या कामाला पाठबळ दिले, वाईन आणि डीएक्सव्हीके एकत्र केले आणि २१ ऑगस्ट २०१८ रोजी 'प्रोटॉन' या नावाने स्टीममध्ये बसवले. पहिल्या दिवशी तपासून मान्य केलेले खेळ होते सत्तावीस. २८ फेब्रुवारी २०२२ ला लिनक्सवर चालणारे 'स्टीम डेक' हे हातातले यंत्र विक्रीला आले आणि मग हजारो खेळ यात आले.

नवशिक्याच्या दृष्टीने फरक एवढाच की पूर्वी आज्ञा टंकित करून जे आठवडाभर झगडत करावे लागे, ते आता स्टीममधल्या एका पर्यायावर टिचकी मारून होते. सराफाचा बट्टा म्हणून काही खेळांत वेग किंचित कमी पडतो. पुतण्याच्या यंत्रावर आम्ही लिनक्स मिंट बसवले. त्याचे गाड्यांचे आणि गोष्टीरूप खेळ चालले. 'डोटा २' आणि 'काउंटर-स्ट्राइक २' यांना तर सराफाचीही गरज नाही, ते लिनक्ससाठीच तयार मिळतात.

न उघडणारे दार

पण त्याचा 'व्हॅलोरंट' चालला नाही, आणि चालणारही नाही. याचे कारण तंत्रात शोधू नये.

ऑनलाइन खेळांत लबाडी करणारे असतात. त्यांना पकडायला खेळासोबत पहारेकरी कार्यक्रम येतो. 'व्हॅलोरंट'चा 'व्हॅनगार्ड' हा पहारेकरी विंडोजच्या अगदी गाभ्यात, संगणक सुरू होताच जागा होतो. लिनक्समध्ये गाभा वापरणाऱ्याच्या ताब्यात असतो, म्हणून तिथे असा परका पहारेकरी ठेवता येत नाही, निदान त्या कंपनीला हवा तसा नाही. 'बॅटलआय' आणि 'ईझी अँटी-चीट' या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनला वाट मोकळी केली. पण ती वाट वापरायची की नाही, हे त्या त्या खेळाच्या कंपनीच्या मर्जीवर आहे. 'एपेक्स लेजंड्स' लिनक्सवर व्यवस्थित चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ ला कंपनीने तो बंद केला. 'जीटीए ५' मध्ये एकट्याने खेळायची गोष्ट चालते. सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आल्यापासून त्याचा ऑनलाइन भाग चालत नाही. कंपन्यांची बाजूही आहे : लबाडीने खेळ नासला तर प्रामाणिक खेळाडू जातात, आणि स्टीमच्या पाहणीत लिनक्सवाले २०२५ मध्ये दोन-तीन टक्क्यांच्याच घरात होते.

हे नवशिक्याला आधी सांगणे मला फार आवश्यक वाटते. गेम चालला नाही की गावातला मुलगा 'मला जमलं नाही' असे म्हणून गप्प बसतो. इंग्रजी कमी पडले, शिकवणी नव्हती, डोके चालले नाही, असा दोष तो स्वतःकडे घेतो. त्याने काहीच चुकवलेले नसते. दूरच्या कुणीतरी परवानगी दिलेली नसते. ज्याला परवानगी आणि कुवत यांतला फरक कळला, तो निर्णय शांतपणे घेतो.

म्हणून जो कोणी विचारतो त्याला मी क्रम सांगतो. आधी आपण खरोखर खेळतो त्या खेळांची यादी कागदावर लिहावी. प्रत्येकाचे नाव 'प्रोटॉनडीबी'वर पाहावे. तिथे खेळणाऱ्यांनीच अनुभव नोंदवलेले असतात. यादीत पहारेकऱ्याचा खेळ असेल आणि तोच जीव की प्राण असेल तर विंडोज ठेवावी, किंवा दुसऱ्या डिस्कवर दोन्ही ठेवाव्यात. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. त्यासाठी आतले काही पुसावे लागत नाही. वायफाय, आवाज, ग्राफिक कार्ड चालते का ते बघावे. आपले फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवून ठेवावेत आणि शेवटी मूळ प्रणालीला हात लावावा. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा. लिपीत अडकलेल्या कागदाचे काय होते ते मराठवाड्याने २०२३ मध्ये पाहिले आहे : निजामकाळातील कुणबी नोंदी शोधताना मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे धुंडाळावी लागली.

इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात फुकट आणि मुक्त दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे स्टॉलमन यांना चाळीस वर्षे तो फरक समजावून सांगावा लागला. मराठीत ती अडचण नाही. विंडोज आम्हाला फुकट मिळाली, पण ती मुक्त कधीच नव्हती; किल्ली दुसऱ्याकडे होती, हे २०२५ च्या ऑक्टोबरने दाखवून दिले. मराठवाड्यात 'मुक्ती' हा पुस्तकी शब्द नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा नळदुर्ग घेऊन याच जळकोटवरून उमरग्याकडे गेल्या आणि १७ तारखेला हैदराबाद संस्थान शरण आले. तरी हाली शिक्का पुढे काही वर्षे कलदारासोबत चालत राहिला, कचेरीतले उर्दू कागद वाचणारा कारकून लागत राहिला. सत्ता चार दिवसांत बदलली, व्यवहार बदलायला दहा वर्षे लागली. विंडोजकडून लिनक्सकडे जाणाऱ्या पोराने एखादा खेळ जुन्या डिस्कवर ठेवला, तर त्यात कमीपणा मानायचे कारण नाही.